मामाचं सासर

रेवा शंभर दिवसांची झाली, आणि त्याच दिवशी तिच्या मामाला सासरी पाठवायचं ठरलं.

तसं पाहिलं तर शार्दूल मगदूमला सासर असायचं काही कारण नव्हतं. वय एकतीस, लग्नाचा पत्ता नाही. काम पाटणच्या वरच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या देखभालीचं. कमरेला दोर बांधून उंच पात्याशी लोंबकळायचं आणि भेगा बुजवायच्या, यात त्याला सुख वाटायचं. एक जूनला तो लडाखला निघणार होता. तिथे पंधरा हजार फुटांवर नव्या पवनचक्क्या उभ्या राहत होत्या. दोन वर्षांसाठी बारा जणांची निवड झाली होती, आणि त्या बारांत आपलं नाव यावं म्हणून त्याने सहा वर्षं जिवाचं रान केलं होतं. पत्र आल्यावर त्याने आधी काय केलं, तर जाड लोकरी मोजे आणले, कराडच्या उन्हात घालून पाहिले आणि आईची बोलणी खाल्ली.

तर मार्चच्या पहिल्या तारखेला बालसंगोपन केंद्राच्या तपासनीस बाई घरी आल्या. रेवाच्या पायातला पट्टा सोडवून त्यांनी तो यंत्रावर वाचायला लावला. त्या पट्ट्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोक त्याला नुसतं वाळा म्हणायचे. समोर घरातले सगळे बसले होते. शार्दूलची धाकटी बहीण केतकी, जी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचा नवरा हर्षल वानखडे, जो या दिवसासाठी अमरावतीहून मुद्दाम आला होता. आणि आई.

"प्रथम पालक," बाईंनी वाचलं, "शार्दूल श्रीपाल मगदूम. नातं, मामा. लयबंध ब्याण्णव टक्के." मग त्या हसल्या. "छान जमलंय हो. अभिनंदन."

रेवा शार्दूलच्या खांद्यावर पेंगत होती.

लयबंध हा शब्द तोवर शाळेतल्या पोरांनाही पाठ झाला होता, पण त्यातलं बारीकसारीक घरात पोर येईपर्यंत कुणी वाचत नसे. बाळ जन्मतं तेव्हा त्याचं हृदय, श्वास, झोप, सगळंच बेताल असतं. स्वतःचा ठेका धरण्याइतकी त्याची मज्जासंस्था तयार नसते, म्हणून ते जवळच्या मोठ्या माणसाचा ठेका धरतं. छातीवर निजलेल्या बाळाचे ठोके त्या माणसाच्या श्वासाबरोबर कमीजास्त होऊ लागतात, आणि ते माणूस दूर गेलं की बाळाच्या रक्तातलं तणावाचं रसायन चढतं. संशोधकांनी हजारो बाळांच्या पायांत पट्टे घालून नोंदी ठेवल्या, तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे बाळ ही लय एकाच माणसाकडून घेतं. दुसरीने खरा गोंधळ घातला. ते माणूस दूध पाजणारं असेलच असं नाही. तिन्हीसांजेला बाळं काही कारण नसताना रडतात; त्या दोनेक तासांत ज्याच्या छातीवर ते रोज शांत होतं, त्याचीच लय ते उचलतं. शंभर दिवसांत गाठ बसते. ती तिसऱ्या वर्षापर्यंत टिकली तर पुढे दमा, मधुमेह, मनाचे आजार निम्म्याने कमी होतात. मध्येच तुटली तर तितकेच वाढतात.

हे कळल्यावर कायदा बदलायला फार वेळ लागला नाही. एके काळी घरात वीस माणसं असायची आणि पोर कुणाच्या कडेवर आहे हे कुणी विचारत नसे. मग दोन खोल्यांची घरं आली आणि सगळं एकट्या आईवर येऊन पडलं. त्यात किती बायकांच्या नोकऱ्या गेल्या, किती जणींची शिक्षणं अर्धवट राहिली. आता यंत्रच सांगत होतं की याचा बाईपणाशी संबंध नाही. तेव्हा प्रथम पालक कोण हे वाळा ठरवणार. मग ती आई असो, बाप असो, चुलता असो की शेजारीण. त्याला तीन वर्षं भरपगारी रजा, राहायचं घर सोडून बाळाचे सगळे निर्णय त्याच्या सहीने, आणि अट एकच. तीन वर्षं दोघं एका छपराखाली राहणार आणि तिन्हीसांजेला तो बाळाजवळ असणार. ही अट मोडणं म्हणजे बाळाला टाकून देण्याइतका गुन्हा. कायदा झाला त्या दिवशी गावोगावी बायकांनी पेढे वाटले होते. शार्दूल तेव्हा कॉलेजात होता. त्यानेही दोन खाल्ले होते.

आता हे मामाच्या गळ्यात कसं पडलं, तर शेक-शेगडीमुळे. आईचं बाळंतपणाचं शास्त्र पक्कं. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेरी म्हणजे पुरते शंभर दिवस. रोज दिवेलागणीला मालिशवाली इंदूबाई यायची. केतकीला तेल चोळायची, बाजेखाली शेगडी सरकवून ओवा-शेपेची धुरी द्यायची, पोट घट्ट बांधून तिला गोधडीत गुंडाळून पडायला लावायची. नेमकी त्याच वेळी रेवा टाहो फोडायची. हर्षल पंधरवड्यातून एकदा रविवारी सकाळी यायचा आणि दुपारच्या गाडीने परत जायचा. आईचे गुडघे गेलेले. राहता राहिला शार्दूल, जो नेमका त्या सुमारास पठारावरून उतरून घरी पोचायचा. तो पोरीला छातीशी धरून गच्चीवर फेऱ्या मारायचा आणि फिरत्या पात्यांसारखा एकसुरी हुंकार काढायचा. पोरगी गप्प व्हायची. आमच्या शार्दूलचा हात गुणाचा, असं आई आल्यागेल्याला सांगायची, आणि त्याला ते ऐकायला आवडायचं.

"मला जूनमध्ये लडाखला जायचंय," तो तपासनीस बाईंना म्हणाला.

"पंधरा हजार फुटांवर बाळ नेता येणार नाही," बाई म्हणाल्या. "बाळ राहील तिथे तुम्ही राहायचं."

"आणि बाळ कुठे राहणार?"

सगळ्यांनी हर्षलकडे पाहिलं. त्याने चष्मा काढून पुसला. "आमच्याकडेच ना, दादा. केतकीचं ऑफिस अमरावतीला, माझंही तिथंच."

आईने शार्दूलची बॅग भरायला घेतली. कपड्यांच्या घड्या घालताना ती मध्येच थांबली.

"तुझं आजोबा लेकीच्या घरचं पाणीसुदिक पीत न्हवतं," ती म्हणाली. "आत्याकडं गेलं की तांब्या संगं न्यायचं. आन तू तीन वर्षं ऱ्हायला निघालास."

"मी काय हौसेनं निघालोय?"

"तसं न्हवं रं." तिने पुढचा शर्ट उचलला. "आधी नवरीसंगं पाठराखीण जायची. माझ्यासंगं माझी मावशी आली हुती. नव्या घरात पोरीला करमावं म्हणून. चार दिवस ऱ्हायची आन माघारी यायची."

"तिला माघारी यायला मिळायचं," शार्दूल म्हणाला.

तो निघताना आई दारात उभी राहून म्हणाली, "तिथं सकाळी लवकर उठत जा. पडंल ते काम करत जा. नावं ठेवायला जागा नको." दोन वर्षांपूर्वी केतकीला पाठवताना तिने हेच सांगितलं होतं, आणि शार्दूल तेव्हा शेजारी उभा राहून हसला होता.

अमरावतीला वानखड्यांचं घर एका शांत कॉलनीत होतं. घरात हर्षलची आई, वैशालीबाई. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, बँकेतून निवृत्त, आणि साठी उलटल्यावर पोहायला शिकायला लागलेल्या. रोज संध्याकाळी साडेपाचला पिशवी खांद्याला लावून त्या तलावावर जायच्या. त्यांनी शार्दूलचं स्वागत मनापासून केलं. त्याच्यासाठी मागची खोली रिकामी करून दिली. वाईट कुणीच नव्हतं, हीच तर अडचण होती.

पहिले आठ दिवस साखरेचा डबा कुठे असतो हेही त्याला विचारावं लागायचं. कूलर लावू का, हे विचारावं लागायचं. दुपारी जरा आडवा झाला तर पावलं वाजली की तो उठून बसायचा. रजा आता प्रथम पालकाच्या नावावर होती, त्यामुळे केतकी दूध काढून ठेवून सकाळी कामावर जायची, हर्षलही जायचा. मग घरात जो आहे त्याच्याकडे बाकीची कामं आपोआप चालत येत. कूलरमध्ये पाणी भरायचं, दही विरजायचं, पार्सल घ्यायचं, वाळवण आत घ्यायचं. शेजारणी येऊन त्याला न्याहाळून जात. "मामा आले म्हणते ना बा," एक म्हणाली, "लेकरू नीट धरता येते का पाहू." त्याने धरून दाखवलं. सोयऱ्याच्या घरात उलट बोलायचं नसतं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

एकदा तो न्हाणीघरात नळ सोडून रडला. पवनचक्कीच्या टोकावर सोसाट्याच्या वाऱ्यात जो निर्धास्त काम करायचा, तो तिथे बादलीचा काठ धरून बसला. त्याला सुटायचं होतं. आणि बाहेर रेवा जागी झाल्याचा आवाज आला तेव्हा तो तोंड धुऊन धावतच गेला, कारण तिची भूक त्याला तिच्या आधी कळायला लागली होती. पोरगी गोड होती. त्याला पाहिलं की बोळकं पसरून हसायची, आणि त्या हसण्याचा त्याला रागही येत नसे.

सुटकेची एक वाट होती. अमरावतीच्या केंद्रातल्या डॉक्टरांनी ती फोनवर समजावून सांगितली. एकशे ऐंशीव्या दिवसापर्यंत लय दुसऱ्या माणसावर नेता येते. चाळीस संध्याकाळी, एकही खंड न पडता, बाळाने त्या नव्या माणसाच्या छातीवर झोपायचं. त्या वेळात जुना पालक नजरेससुद्धा पडता कामा नये. त्याने एकदा जरी घेतलं, तर मोजणी पुन्हा एकपासून. "आणि घरच्यांना सांगा," डॉक्टर म्हणाले, "की रोज तिसऱ्याच कुणाच्या कुशीत ती शांत होऊ लागली, तर लय त्या तिसऱ्याची."

रविवारी जेवताना शार्दूलने विषय काढला.

वैशालीबाईंनी हातातला घास खाली ठेवला. "मले विचारू नका," त्या म्हणाल्या. "मी दोन पोरं वाढवली. सासूचं हगणं-मुतणं अकरा वर्षं काढलं. तेव्हा कोणी वाळा घालून मोजलं नाही. आता कुठं मी पोहायला जाऊन राहिली, तर जाऊ द्या मले."

शार्दूलला त्यांचं काही चुकलं असं वाटेना. त्याच्या आजोबांनी सहा वर्षं अंथरूण धरलं होतं. आई एकटी करायची, आणि तो शेजारच्या खोलीत अभ्यास करायचा, मग नोकरीवर जायचा. त्याला कुणी ये म्हटलं नाही आणि तोही कधी उठला नाही. हे त्याला आज पहिल्यांदा आठवलं.

"मी करतो, दादा," हर्षल म्हणाला. "बाप आहे मी तिचा. फक्त मार्चअखेर जाऊ द्या."

मार्चअखेर गेली. मग ऑफिसात तपासणी निघाली. मग एक सहकारी आजारी पडला. हर्षल दर वेळी ओशाळा होऊन सांगायचा आणि दर वेळी कारण खरं असायचं. जावयाला जाब विचारायचा कसा, म्हणून शार्दूल "काही हरकत नाही, हर्षलराव" म्हणायचा आणि आत जाऊन कॅलेंडर पाहायचा. शेवटी अकरा एप्रिल उजाडला. रेवाचा एकशे एक्केचाळीसावा दिवस. त्या संध्याकाळी सुरुवात केली तरच चाळीस भरत होत्या, एकही जास्तीची नव्हती.

त्या दुपारी केतकी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली आणि त्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसली.

"दादा, एक सांगायचंय. सातव्या महिन्यात मला केंद्राने पुस्तिका दिली होती. संध्याकाळचं सगळं तीत लिहिलेलं होतं."

त्याने वर पाहिलं.

"आई शेक सकाळी घे म्हणत होती. मीच म्हटलं, संध्याकाळी घेते."

शार्दूलने उठून कूलर बंद केला.

"तुझ्या गळ्यात पडावं म्हणून नाही," ती घाईने म्हणाली. "मला वाटलं हर्षल येईल. मी त्याला रजा काढ म्हणून दहादा सांगितलं. तो रविवारी सकाळीच येत राहिला. मला एवढंच माहीत होतं की मला अडकायचं नाही. आईचं पाहिलंय मी. इथं सासूबाईंचं ऐकलंय. मी नुसती बाजूला सरकले, दादा. मी सरकले तिथं तू होतास."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू तिला घेतलं असतंस?"

शार्दूलला इतका राग आला की त्याचे कान तापले. पण या प्रश्नाचं खरं उत्तर नाही असं होतं. केतकी खाली मान घालून रडली. मग उठून तिने त्याच्यासाठी चहा केला, आणि दोघांनी तो उंबऱ्याशी बसून घेतला.

संध्याकाळी पाचला तो घराबाहेर पडला आणि कॉलनीच्या वाचनालयात जाऊन बसला. तिथे म्हातारे कॅरम खेळायचे. रोज साडेआठपर्यंत घरी फिरकायचं नाही असं ठरलं होतं. परतल्यावर हर्षल मनगटावरच्या, वाळ्याशी जोडलेल्या पट्टीतली नोंद दाखवायचा. पहिल्या दिवशी रेवा दोन तास दहा मिनिटं रडली. चौथ्या दिवशी दोन तास. सातव्या दिवशी एक तास पन्नास. डॉक्टर म्हणाले होते की पंधराव्या दिवसानंतर एकदम उतार पडतो. हर्षलचे डोळे खोल गेले होते, पण तो नेटाने करत होता. शार्दूलने बॅगेच्या तळातून लोकरी मोजे काढले आणि पुन्हा आत ठेवले. लडाखच्या गटाला त्याने कळवलं की मी येतोय.

नवव्या संध्याकाळी ऊन कलल्यावरही झळा मारत होत्या. सात वाजायच्या सुमाराला वैशालीबाई वाचनालयाच्या दारात आल्या. केस ओले, खांद्याला तलावाची पिशवी.

"चला बरं घरी," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"झालं काही नाही. लेकरू रडून राहिलं. हर्षलचा ऑफिसचा फोन चालू आहे, सोडता येत नाही म्हणते."

"तुम्ही घ्या ना."

"घेतलं की. माझ्याजवळ राहतच नाही. घसा बसला हो तिचा." त्यांनी पिशवीचा पट्टा सावरला. "आजच्या दिवस घ्या फक्त."

म्हाताऱ्यांचा खेळ थांबला होता. शार्दूल उठला. फाटकापर्यंत जाऊन नुसतं विचारून येऊ, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण गल्लीच्या वळणावरच त्याला ते रडणं ऐकू आलं. त्यात आता आवाज उरला नव्हता. कोरडा, फाटका श्वास, मग मध्ये बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा तो श्वास. त्याचं पाऊल आपोआप लांब पडू लागलं.

केतकी नुकतीच ऑफिसातून पोचली होती. तिने त्याला येताना पाहिलं आणि दारात आडवी उभी राहिली.

"आत येऊ नकोस."

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. आज घेतलंस तर चाळीस होत नाहीत, दादा. तीन वर्षं. जा तू, वाचनालयात जाऊन बस."

"मग तू घे तिला."

केतकीने पर्सचा बंद दोन्ही हातांनी आवळून धरला. आतून पुन्हा तो श्वास आला. तिच्या कुडत्यावर दुधाचे दोन ओले डाग पसरत होते, आणि ती तिथेच उभी होती.

"मी घेतलं," ती म्हणाली, "आणि ती गप्प झाली तर?"

"तर ती गप्प होईल," शार्दूल म्हणाला.

वैशालीबाई मागून येऊन फाटकाशी थांबल्या होत्या. दारात आडवी उभी असलेली केतकी जराशी बाजूला झाली, फार नाही, एक माणूस आत जाईल इतकीच.

त्याने मोरीत जाऊन हातपाय धुतले. हर्षल कानाला फोन लावून एका हाताने पाळणा हलवत होता. शार्दूलला पाहताच त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती त्याला लपवताही आली नाही. त्याने ओठांनीच माफी मागितली आणि फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

शार्दूलने रेवाला उचलून छातीवर घेतलं. ती भिजलेली होती, तापलेली होती, तिची बोटं त्याच्या शर्टात रुतली. त्याने हुंकार धरला. दीड मिनिट लागलं असेल. वाळ्यावरचा दिवा तांबड्याचा हिरवा झाला, आणि त्याच्या छातीतली धडधडही तिच्याबरोबर खाली उतरली. त्याला वाईट वाटत होतं, त्याला सगळ्यांचा संताप येत होता, आणि पोरीच्या डोक्याला हात लागल्यावर बरंही वाटत होतं. यातलं कुठलं खरं, हे विचारायला आता उशीर झाला होता. लडाखला अकरा जण जातील आणि बारावा कुणी दुसरा.

बाहेर हर्षलचं बोलणं संपलं. ताटं मांडल्याचा आवाज आला, पाण्याचे पेले भरल्याचा आवाज आला.

"चला रे, जेवून घ्या, गरम आहे तोवर," वैशालीबाई म्हणाल्या.

"दादा?" केतकी म्हणाली.

"ते कसे येतील आता." मग त्या दाराशी येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "शार्दूल, तुमचं ताट झाकून ठेवते."

मान हलवून तो भिंतीपर्यंत गेला आणि पाठ फिरवून पुन्हा चालायला लागला.